वेसाव्याच्या बोटीवरची टॉर्च : उजेडाच्या पायऱ्या बदलण्याचं एक प्रकरण

स्वस्तातल्या एलईडी टॉर्चला बहुधा पाच पायऱ्या असतात : पूर्ण, मध्यम, मंद, मग लुकलुक आणि शेवटी एसओएस. बटण अर्धवट दाबत गेलं की त्या याच क्रमाने येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. घरातली वीज गेल्यावर मीटरच्या पेटीपर्यंत जायला एवढं पुरतं. वेसाव्याहून रात्री डोल काढायला जाणाऱ्या एका बोटीवर मात्र हाच क्रम रोज नडत होता. ती टॉर्च उघडून तिच्या ड्रायव्हरमधलं, म्हणजे उजेड सांभाळणाऱ्या सर्किटमधलं, फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम) बदललं, त्याची ही पूर्ण हकिगत. कुणाला आपल्या टॉर्चवर असं काम करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून आकडे, जोडणी आणि प्रत्येक निर्णयामागचं कारण, सगळं लिहितो आहे.

तक्रार

बोट माझ्या पॉलिटेक्निकमधल्या मित्राच्या वडिलांची. कोळीवाड्यात त्यांना सगळे नाखवा म्हणतात, मी मामा म्हणतो. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर लावलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा, कोळंबी त्यात शिरते आणि ओढ थांबायच्या सुमारास जाळं उचलावं लागतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे महिन्यातल्या पुष्कळ फेऱ्या काळोखातच पडतात.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "बॅटरी पेटवली की पहिली डोळ्यात घुसते. बाजूचा खलाशी ओरडतो, आणि नंतर मला पाण्यावरचं काही दिसत नाही. कमी करायला दाबावं तर ती लुकलुकायला लागते. एवढ्या उजेडाचं मी काय करू? मला दोरी दिसली पाहिजे, आणि दोरीवरून नजर काढली की पाणीपण दिसलं पाहिजे."

या बोलण्यात काय काय मागणं आहे ते मी त्यांच्यासमोरच बसून कागदावर उतरवलं. टॉर्च नेहमी मंद उजेडानेच पेटली पाहिजे, मागच्या वेळी ती कुठेही सोडलेली असो. सगळ्यात मंद पायरी आत्ताच्यापेक्षा कितीतरी मंद हवी. लुकलुक आणि एसओएस अजिबात नकोत. आणखी एक गोष्ट त्यांच्या मुलाने सांगितली : सेल उतरला की टॉर्च काहीही न कळवता बंद पडते, आणि ते नेमकं जाळं अर्धं वर आलेलं असताना होतं.

डोळ्यांबद्दल मामा जे सांगत होते ते शरीरशास्त्राला धरूनच आहे. अंधाराला सरावायला डोळ्यातल्या दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. झगझगीत उजेडाची एक तिरीप ही सगळी तयारी काही क्षणांत घालवते. शहरात आपल्याला हे कळत नाही, कारण पूर्ण काळोख आपल्या वाट्याला येतच नाही. बोटीवर तो येतो. जुहूच्या किनाऱ्यावरचे दिवे लांबून दिसत असतात, पण हाताखालचं पाणी काळं असतं. बिनदिव्याची होडी, तरंगणारा ओंडका, दुसऱ्याच्या जाळ्याचा बोया हे सगळं त्या काळ्यातून ओळखायचं असतं.

एसओएस समुद्रावर का नको

हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेले जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या खुणांची यादी आहे. कोणत्याही साधनाने दिलेला मोर्समधला एसओएस, म्हणजे तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड, हा त्या यादीत आहे. संकट नसताना या खुणा वापरायला तिथेच मनाई केलेली आहे. याच नियमावलीतला ३६ वा नियम दुसऱ्या जहाजाचं लक्ष वेधण्याबद्दल आहे, आणि लुकलुकणारे प्रखर दिवे टाळावेत असं तो सांगतो.

म्हणजे मंद उजेड शोधताना बटण दोनदा जास्त दाबलं गेलं तरी ही टॉर्च समुद्राच्या भाषेत मदतीची हाक मारायला लागते. २६/११ नंतर मुंबईच्या किनाऱ्यावर पोलिसांची आणि तटरक्षक दलाची नजर कशी असते ते इथल्या प्रत्येक कोळ्याला माहीत आहे. खोटी हाक कुणालाच परवडणारी नाही. खऱ्या संकटासाठी बोटीवर वेगळी साधनं असतात. टॉर्चमधला एसओएस त्यांची जागा घेत नाही, तो फक्त चुकून लागतो. म्हणून ही पायरी लपवून ठेवायचीही नाही, कोडमधून काढूनच टाकायची असं ठरवलं.

याच नियमावलीचा २५ वा नियम सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला आणि वल्ह्यांच्या होडीला, नेहमीचे दिवे लावलेले नसतील तर, पांढऱ्या उजेडाची टॉर्च हाताशी ठेवायला सांगतो, टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवता यावी म्हणून. मामांची बोट इंजिनाची आहे, तिला तिचे ठरलेले दिवे आहेत. पण किनाऱ्यावरून त्या बोटीपर्यंत नेणारी छोटी होडी वल्ह्यांचीच असते आणि टॉर्च तीच. त्यामुळे पूर्ण उजेडाची पायरी काढायची नव्हती, तिची फक्त जागा बदलायची होती.

टॉर्चच्या पोटात

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त करायचे, बोट रंगवायचे ते दिवस. टॉर्चही तेव्हा मोकळी होती, म्हणून काम त्याच काळात केलं.

टॉर्च एका १८६५० सेलवर (चार्ज करता येणारा लिथियम सेल) चालणारी, शेपटीकडे टिचकीचं बटण असलेली. पुढचा भाग उघडल्यावर पितळी पिल, म्हणजे एलईडी बसवलेली डबी, निघाली आणि तिच्या मागे १७ मिलिमीटर व्यासाची गोल ड्रायव्हर पट्टी. अशा टॉर्चमध्ये फार वर्षं चालत आलेली ही रचना आहे : एक आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅमवर चालणारी चिप) आणि एएमसी७१३५ नावाचे आठ छोटे रेग्युलेटर. प्रत्येक ७१३५ एलईडीतून ३५० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो, त्याहून जास्त नाही. आठ मिळून २.८ अँपिअर. मायक्रोकंट्रोलर फक्त त्यांना चालू-बंद करतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि चालू राहण्याच्या वेळेचं प्रमाण बदलून उजेड कमी-जास्त करतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

काही हात लावण्याआधी चिपवरची अक्षरं भिंगाखाली वाचली. टायनी१३ए असं दिसलं, म्हणजे काम होण्यासारखं होतं. याच आकाराच्या पुष्कळ पट्ट्यांवर पुन्हा प्रोग्रॅम न करता येणारी किंवा बिननावाची चिप असते. तिथे चिप बदलावी लागते, नाहीतर सगळा ड्रायव्हरच.

एटीटायनी१३ए मध्ये प्रोग्रॅमसाठी १०२४ बाइट जागा असते. चालत्या कामासाठी ६४ बाइट, आणि वीज गेली तरी टिकणारी ईईप्रॉमही ६४ बाइट. टॉर्चच्या हौशी लोकांत सध्या अँड्युरिल हे मुक्त फर्मवेअर नावाजलेलं आहे, पण त्याला यापेक्षा बरीच मोठी चिप लागते आणि इलेक्ट्रॉनिक बटण लागतं. इथे बटण थेट सेलचा प्रवाह तोडतं. म्हणून याच चिपसाठी छोटा सी प्रोग्रॅम लिहिणं हाच मार्ग होता.

मूळ पायऱ्या मोजल्या. शेपटीची टोपी काढून सेल आणि नळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला की प्रवाह कळतो. या ड्रायव्हरमध्ये सेलमधून निघणारा प्रवाह आणि एलईडीतला प्रवाह जवळजवळ सारखाच असतो. पूर्ण पायरीला मीटरच्या वायरींच्या रोधामुळे आकडा थोडा कमी येतो, ते लक्षात ठेवायचं. मंद पायरी १५० मिलिअँपिअरच्या आसपास निघाली, पूर्णच्या साधारण पाच टक्के. ऐकायला पाच टक्के कमी वाटतं. डोळ्याला मात्र ते तसं दिसत नाही.

पायऱ्या कशा ठरवल्या

उजेड डोळ्याला किती वाटतो ते प्रकाशाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. ढोबळ नियम घनमुळाचा आहे : प्रकाश आठपट केला की तो दुप्पट वाटतो. म्हणून पूर्णच्या पाच टक्के प्रकाश डोळ्याला एक तृतीयांशाहून जास्त वाटतो. कागदावर छोटे दिसणारे आकडे काळोखात मोठे असतात. १००, ३०, ५ अशी टक्केवारी छापून विकणाऱ्या टॉर्चमध्ये "मंद" पायरी का खुपते याचं उत्तर इथे आहे.

मामांना तीनच पायऱ्या हव्या होत्या. दोरी, गाठ, खिळा-हूक बघायला मंद. मासळी निवडायला आणि इंजिनाकडे वाकून बघायला कामाची. लांबचा बोया किंवा अंगावर येणारी बोट बघायला पूर्ण. चौथी द्यायचा मोह मी टाळला. अर्धवट भिजलेल्या हाताने, बघायलाही वेळ नसताना, तीनपेक्षा जास्त दाब मोजत बसणं जमत नाही.

पूर्ण २.८ अँपिअर ठरलेलीच होती. मंद पायरी मी आधी ११ मिलिअँपिअरच्या आसपास धरली. मधली कुठे ठेवायची? घनमुळाच्या हिशेबाने डोळ्याला बरोबर मध्ये वाटणारा आकडा ५४० मिलिअँपिअरच्या जवळ येतो, आणि प्रत्येक पायरी सारख्याच पटीत वाढवायची तर १७५. मी ३५० निवडला, आणि त्याचं कारण डोळ्याशी नाही, ड्रायव्हरशी आहे. ३५० म्हणजे एक ७१३५ पूर्ण चालू, बाकीचे बंद. त्यात पीडब्ल्यूएम नाहीच, त्यामुळे उजेड सलग राहतो. जाळं झटकताना उडणारं पाणी आणि वळवळणारी कोळंबी तुटक-तुटक दिसत नाही.

पण एकच ७१३५ चालवायचा तर त्याची लगाम वेगळी हवी. मूळ पट्टीवर आठही जण चिपच्या एकाच पायाला बांधलेले असतात.

एक अधिक सात

माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा बदल हाच. नुसतं फर्मवेअर बदलून भागलं असतं, पण मंद पायरी धड झाली नसती.

त्याचं कारण असं. चिप ४.८ मेगाहर्ट्झवर चालते. उजेडाचं प्रमाण ० ते २५५ अशा आकड्याने द्यायचं. आठ ७१३५ एकत्र असताना ११ मिलिअँपिअर हवे असतील तर हा आकडा १ ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक आवर्तनात ७१३५ ला अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ चालू राहायला मिळतं. ७१३५ इतका चपळ नाही. तो चालू होईपर्यंत बंद व्हायची वेळ येते. एखादी टॉर्च अजिबात पेटत नाही, दुसरी पेटते, आणि सेल उतरत गेला की त्यातही फरक पडतो. एकट्या ७१३५ ला तेवढ्याच प्रवाहासाठी ८ हा आकडा मिळतो, आणि तिथे तो भरवशाने चालतो.

टायनी१३ए मध्ये पीडब्ल्यूएम देणारे पाय दोन आहेत, पाचवा आणि सहावा. मूळ पट्टीवर सहावा वापरलेला असतो. पाचवा एका मोकळ्या ताऱ्याच्या खुणेकडे जातो, जी खूण डाग देऊन पायऱ्यांचा संच बदलायला ठेवलेली असते. कडेच्या एका ७१३५ चा व्हीडीडी पाय, म्हणजे बाजूच्या दोन पायांपैकी चिपकडून आज्ञा येणारा, डाग वितळवून अलगद उचलला आणि त्याला केसाएवढी इनॅमलची तार लावून ती चिपच्या पाचव्या पायाला जोडली. उचललेल्या पायाखाली कॅप्टॉन टेपचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या टेपचा, तुकडा. जमिनीच्या (ग्राउंडच्या) पायाला हात लावायचा नाही, कारण ७१३५ ची उष्णता त्याच मोठ्या पायातून बाहेर जाते.

सोल्डरिंगचं टोक बारीक हवं आणि फ्लक्स भरपूर. हे काम भिंगाशिवाय करू नये.

टाइमर फेज-करेक्ट पद्धतीने चालवला, म्हणजे त्याची मोजणी वर जाऊन तशीच खाली येते. त्यात वारंवारिता ९.४ किलोहर्ट्झ येते. फास्ट पद्धतीत ती १८.७५ किलोहर्ट्झ आली असती, पण कमी आकड्यांना ठोके आणखी आखूड झाले असते. ९.४ किलोहर्ट्झची लुकलुक डोळ्याला जाणवत नाही.

मंद पायरीची परीक्षा घरात होत नाही. मुंबईतल्या कुठल्याही खोलीत पडदे लावले तरी रस्त्याचा उजेड झिरपतोच. नांगरलेल्या बोटीतल्या मासळीच्या खणात मामा आणि त्यांचा मुलगा उतरले, झाकण ओढून घेतलं, आणि डोळे सरावेपर्यंत तसेच बसून राहिले. मग टॉर्च पेटवली. मामा म्हणाले, "अजून उतरव." ११ वरून ७ मिलिअँपिअरवर आलो, म्हणजे आकडा ८ चा ५. ७१३५ च्या सुस्तीमुळे खरा प्रवाह हिशेबापेक्षा थोडा कमीच असतो. त्या उजेडात जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं एकेक भोक, बोटाने न चाचपता दिसली, आणि टॉर्च विझवल्यावर खणाच्या फटीतून येणारा चांदणा लगेच ओळखू आला. तोच आकडा कायम केला.

आठवण कुठे ठेवायची

मागची पायरी लक्षात ठेवण्याची सोय मामांना नको होती. तरी चिपला एक गोष्ट कळलीच पाहिजे : आत्ता वीज आली ती बटण अर्धवट दाबून सोडल्यामुळे, की टॉर्च नव्याने पेटवल्यामुळे? दोन्हीत वीज तुटते, फरक फक्त किती वेळ तुटली याचा.

जुन्या फर्मवेअरमध्ये पायरी ईईप्रॉममध्ये लिहीत असत. ईईप्रॉमची एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिता येते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर नोंद बिघडते. त्याऐवजी चालत्या स्मृतीचाच एक गुण वापरला. वीज तुटल्यावर त्यातले आकडे त्या क्षणी पुसले जात नाहीत, थोडा वेळ टिकतात. दोन-तीन बाइट असे राखून ठेवायचे की प्रोग्रॅम सुरू होताना त्यांना शून्य करायचं नाही. सुरुवातीलाच ते तपासायचे. सगळे जसेच्या तसे असतील तर वीज क्षणभरच गेली होती, पुढच्या पायरीवर जायचं. एखादाही बदलला असेल तर टॉर्च नवीन पेटली आहे, मंद पायरी लावायची. उष्णतेत ही स्मृती लवकर विरते, त्यामुळे पूर्ण उजेडावर तापलेल्या टॉर्चमध्ये बटण जरा चटकन सोडावं लागतं. मामांच्या मुलाला हे आधीच सांगून ठेवलं.

क्रम मंद, काम, पूर्ण असाच ठेवला. पूर्ण हवं तर पेटवून दोन झटके. "माणूस पाण्यात पडला तर?" हे मी त्यांना मुद्दाम विचारलं, कारण पहिल्या दाबालाच पूर्ण उजेड देणं सहज शक्य होतं. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, दोन झटक्यांना वेळ लागत नाही, पण रोज रात्री डोळे जातात त्याचं काय. निर्णय त्यांचा होता. ज्याच्या हातात टॉर्च असणार त्यानेच तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याला कोड येतो म्हणून तिथे आपलं मत लादू नये.

सेल उतरताना

पट्टीवर १९.१ किलोओहम आणि ४.७ किलोओहम असे दोन रोध आहेत, ते सेलच्या व्होल्टेजचा साधारण पाचवा हिस्सा चिपला दाखवतात. चिप तो आपल्या आतल्या १.१ व्होल्टशी ताडून ० ते २५५ मध्ये आकडा देते. ३ व्होल्टला हिशेबाने १३७-१३८ येतो. हिशेबावर मात्र थांबू नये. वाटेत उलट्या सेलपासून वाचवणारा डायोड असतो, आणि चिपमधला तो १.१ व्होल्ट प्रत्येक नगात १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. टेबलावरच्या पॉवर सप्लायने ३.२, ३.० आणि २.८ व्होल्ट देऊन या पट्टीचे स्वतःचे आकडे टिपले आणि तेच कोडमध्ये घातले.

३.२ व्होल्टला पूर्ण पायरी आपोआप कामाच्या पायरीवर येते, ३.० ला काम मंदवर. खाली उतरताना दोन छोट्या मिचक्या, म्हणजे धरणाऱ्याला कळतं. ओझं कमी झालं की सेलचं व्होल्टेज पुन्हा थोडं चढतं, तरी टॉर्च आपणहून परत वर जात नाही. २.८ ला ती बंद होते, कारण त्याखाली सेल वारंवार उतरवला तर तो बाद होतो. मंद पायरीला एलईडी आणि चिप मिळून १० मिलिअँपिअरच्या आसपासच घेतात, त्यामुळे ३ व्होल्टला उरलेल्या थोड्या चार्जवरही कित्येक तास उजेड राहतो. मुलाने सांगितलेली तक्रार इथे मिटली. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर कामाची पायरी आठ तासांहून थोडी जास्त चालते. पूर्ण पायरी हिशेबाने तासभर चालावी, पण तिचा उजेड त्याआधीच उतरायला लागतो, कारण एवढ्या प्रवाहाला एलईडीलाच ३.३ व्होल्टच्या वर लागतात.

चिपमध्ये कोड उतरवणं

लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर (संगणकावरून चिपमध्ये कोड भरणारं साधन) आणि आठ पायांची क्लिप आणली. पट्टी पिलमधून काढून एलईडीच्या तारा सोडवल्या. क्लिपचे गाल शेजारच्या ७१३५ ना अडत होते, ते कानशीने घासून पातळ केले. पहिला पाय रीसेट, चौथा ग्राउंड, पाच-सहा-सात डेटाचे आणि घड्याळाचे, आठवा वीज. एव्हीआरड्यूड या संगणकावरच्या कोड भरणाऱ्या प्रोग्रॅमने चिपची ओळख पटवली नाही तर दहातले नऊ वेळा दोष क्लिपच्या पकडीचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाय पुसून पुन्हा लावायची.

जुनं फर्मवेअर वाचून ठेवायचा प्रयत्न आधी करावा, पण बहुतेक वेळा चिप कुलूपबंद असते. कुलूप काढायचं तर सगळं पुसावं लागतं, आणि मग मूळ पायऱ्या परत आणता येत नाहीत. हे टॉर्चच्या मालकाला हातात घेण्याआधी सांगायला हवं. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "परत आणायच्यात कुणाला?"

फ्यूजच्या, म्हणजे चिप कशी चालावी ते ठरवणाऱ्या आतल्या सेटिंग्जच्या, बाबतीत दोन गोष्टींची काळजी घ्यायची. कारखान्यातून चिप ९.६ मेगाहर्ट्झला आठाने भागून, म्हणजे १.२ मेगाहर्ट्झवर येते. तसंच राहिलं तर पीडब्ल्यूएम अडीच किलोहर्ट्झच्याही खाली येतं आणि हलत्या पाण्यावर ठिपके दिसतात. म्हणून ४.८ मेगाहर्ट्झ आणि भागाकार बंद. दुसरी, रीसेटचा पाय बंद करणारा फ्यूज कधीही बदलायचा नाही. तो बदलला की ही क्लिप आणि हा प्रोग्रॅमर निरुपयोगी होतात, १२ व्होल्टचं वेगळं साधन लागतं. ब्राउनआउट, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की चिप स्वतःला रीसेट करते तो आकडा, १.८ व्होल्टवर ठेवला.

लुकलुक आणि एसओएस नसल्यामुळे १०२४ बाइटमध्ये व्होल्टेजचा भाग आरामात बसला.

समुद्रावर

नारळी पौर्णिमेनंतर टॉर्च बोटीवर गेली. मंद पायरीबद्दल मामा खूष होते. एक नवीन गोष्ट मात्र समोर आली : टॉर्च फळीवर आपटली किंवा खिशात जोरात हिसका बसला की ती आपोआप एक पायरी वर जायची. पहिल्या काही रात्री तसं नव्हतं, मग वाढत गेलं.

उघडून पाहिलं तर शेपटीच्या आट्यांवर मिठाचा पांढरा थर. नळीच्या आट्यांमधूनच प्रवाह परततो, तिथे क्षार बसला की संपर्क कच्चा होतो. आपटल्यावर सेल स्प्रिंगला दाबतो आणि क्षणभर सुटतो. चिपजवळचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिला त्या वेळात सांभाळतो खरा, पण चिप ३ मिलिअँपिअर खात असेल तर त्याचं व्होल्टेज दर मिलिसेकंदाला ०.३ ने घसरतं. सहा-सात मिलिसेकंदांत चिप रीसेट होते, आणि उठल्यावर तिला वाटतं की बटण दाबलं.

उपाय तिन्ही बाजूंनी केला. आटे अल्कोहोलने पुसून ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, आणि हे दर आठवड्याला करायचं काम मुलाकडे दिलं. ड्रायव्हरकडची स्प्रिंग जास्त ताठ बसवली. कपॅसिटर २२ मायक्रोफॅरडचा केला, त्याने सांभाळायचा काळ दुपटीहून जास्त झाला. बटणाचा झटका याच्या कितीतरी पट लांब असतो, त्यामुळे पायरी बदलायला अडचण आली नाही, उलट झटका सोडायला थोडी जास्त सवड मिळाली. पट्टीवर सिलिकॉनचं पातळ आवरणही दिलं, चिपचे पाय मोकळे ठेवून, म्हणजे पुढे क्लिप लावता येईल.

चढता क्रम ठेवल्याचा फायदा इथेही दिसला. चुकून हिसका बसला तर मंदवरून कामावर जाते, डोळ्यात पूर्ण झोत येत नाही. जुन्या क्रमात तोच हिसका मंदवरून थेट लुकलुकीवर न्यायचा.

यानंतर आपोआप बदलण्याची तक्रार आली नाही. बोटीवरच्या आणखी दोन टॉर्च याच बेतावर करून दिल्या. त्यातली एक इंजिन सांभाळणाऱ्या खलाशाची आहे. त्याला पेटताक्षणी ३५० मिलिअँपिअर हवे होते, कारण पंख्याच्या पट्ट्यात हात घालताना मंद उजेडावर त्याचा भरवसा नाही. त्याच्या चिपमध्ये पायऱ्यांचा क्रम काम, मंद, पूर्ण असा आहे, आणि त्या टॉर्चच्या शेपटीला लाल टेप गुंडाळलेला आहे, अंधारात ती कुणी मामांच्या हातात देऊ नये म्हणून टेपवर एक जाड गाठही मारली आहे. तिन्ही पट्ट्यांचे व्होल्टेजचे आकडे आणि मंद पायरीचा आकडा वेगवेगळे निघाले. ते आणि कोड मुलाच्या फोनवर ठेवले आहेत, म्हणजे मी नसताना दुसऱ्या कुणालाही पुढे काम करता येईल.